घड्याळ हौसेनं घ्या, बुडी मारायला नको

मुदखेडहून समुद्र गाठायचा तर दोन रात्री मोडतात. देवगिरीनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, आणि कुडाळहून एसटीनं मालवण. आमच्याकडे पाणी म्हणजे सीता नदी, गुलाबाच्या मळ्यांतल्या विहिरी, शेततळी आणि फार तर नांदेडचा विष्णुपुरीचा जलाशय. तरीही गेली काही वर्षं, दिवाळी झाली की माझ्या दुकानात एखादा तरी पोरगा मोबाइल पुढं करतो. स्क्रीनवर काळ्या तबकडीचं, जाडजूड, दातेरी कड्याचं घड्याळ असतं.

"काका, हे दोनशे मीटरवालं घिऊ का? तारकर्लीला स्कुबाला चाललो."

मी घड्याळं दुरुस्त करतो, विकत नाही. कुणी काय घेतलं न घेतलं यात माझा एक रुपया अडकलेला नाही, म्हणून मोकळेपणानं सांगतो. हौस असेल आणि खिशाला झेपत असेल तर घ्या. घड्याळाची हौस काय असते हे मला कुणी शिकवायला नको. पण स्कुबा करायचाय म्हणून घ्यायला निघाला असाल, तर थांबा. तो पैसा दुसऱ्या गोष्टीत घाला. कोणत्या, ते पुढं येईलच.

आधी त्या 'दोनशे मीटर'चं काय ते पाहू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आपल्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. साधारण पाच परस पाणी म्हणजे दहा मीटर, आणि दर दहा मीटरला पाण्याचा दाब वरच्या हवेएवढा वाढतो. घड्याळावर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ते हातात घालून पंधरा परस विहिरीच्या तळाला जावं, असा अर्थ नाही. कारखान्यात कोरं घड्याळ, नव्या रबरी रिंगा, थोडा वेळ दाब दिला, पाणी शिरलं नाही, एवढाच तो दाखला. रोजच्या भाषेत सांगायचं तर ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी चालेल. ५० म्हणजे भिजलं तरी घाबरू नका. १०० मध्ये पोहा. २०० लिहिलेलं आणि चावी स्क्रूची असलेलं घड्याळ खऱ्या बुडीला चालतं.

त्यातही एक खुबी आहे. तबकडीवर नुसतं 'वॉटर रेझिस्ट २०० मीटर' लिहिलेलं घड्याळ वेगळं आणि 'डायव्हर्स २०० मीटर' लिहिलेलं वेगळं. हा दुसरा शब्द वापरायचा तर आयएसओ ६४२५ नावाचं मानक पाळावं लागतं. त्यात नमुन्याची दोन-चार घड्याळं तपासून भागत नाही, एकेक घड्याळ लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं. अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. घड्याळ चालू आहे की बंद पडलंय, हेही अंधारात दिसलं पाहिजे. आणि बाहेरचं कडं एकाच बाजूनं फिरलं पाहिजे, म्हणजे चुकून धक्का लागलाच तर पाण्यात घालवलेला वेळ जास्त दिसेल, कमी दिसणार नाही. ज्यानं कुणी हा विचार केला, त्याला माझा नमस्कार. यंत्र चुकणारच, पण चुकलं तरी माणसाच्या बाजूनं चुकावं, ही अक्कल फार थोड्या वस्तूंत आढळते.

म्हणजे वस्तू चांगली आहे. मग नको का म्हणतो?

१९५३ साली स्वित्झर्लंडच्या ब्लांपां कंपनीनं फ्रेंच नौदलाच्या बुडी मारणाऱ्या जवानांसाठी घड्याळ काढलं. नाव ठेवलं 'फिफ्टी फॅदम्स'. फॅदम म्हणजे आपली वाव, दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. पन्नास वाव म्हणजे एक्क्याण्णव मीटरच्या आसपास. त्याच सुमाराला रोलेक्सचं 'सबमरीनर' आलं, पुढं १९६५ मध्ये जपानच्या सेकोचं आलं. त्या काळात पाठीवर हवेची टाकी बांधून उतरणाऱ्याकडे तीन गोष्टी असायच्या. मनगटावर घड्याळ, दुसऱ्या मनगटावर खोलीमापक, आणि वर होडीत कागदावर छापलेला तक्ता. अमुक खोलीवर तमुक मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. अशा तक्त्यांचा पाया हॉल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये घातला, तोही बकऱ्यांवर प्रयोग करून. खोलीवर श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात मुरत जातो. सावकाश वर आलात तर तो सावकाश निघतो. घाईनं आलात तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर बाटलीत जे होतं, ते रक्तात आणि सांध्यांत होतं. म्हणून किती वेळ खाली होतो, हे कळणं जीवनमरणाचं होतं, आणि म्हणून घड्याळ जीवनमरणाचं होतं.

पण नीट पाहा, एकटं घड्याळ तेव्हाही पुरत नव्हतं. वेळेला खोलीची जोड लागायचीच. घड्याळवाल्यांनाही ते ठाऊक होतं. आमच्या पिढीच्या वडिलांच्या मनगटावर जी 'फेवर लुबा' असायची, त्याच कंपनीनं १९६८ मध्ये 'बॅथी' नावाचं घड्याळ काढलं. त्याच्या मागच्या झाकणाला भोकं होती. त्यातून पाणी आतल्या पडद्यावर दाब द्यायचं आणि तबकडीवरचा एक काटा खोली दाखवायचा. पाण्याखाली नुसती वेळ सांगून भागत नाही, याची ही घड्याळाच्याच धंद्यानं दिलेली कबुली म्हणा.

फेवर लुबाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आमच्याकडे दुरुस्तीला यायची ती त्यांची 'सी किंग' आणि 'सी चीफ'. समुद्राचा राजा, समुद्राचा सरदार. घालणारे कोण? शाळामास्तर, तलाठी, रेल्वेतले लोक, ज्यांनी समुद्र कॅलेंडरवरच पाहिलेला. या समुद्राच्या राजाला हौदावर हात धुतले तरी सर्दी व्हायची. काचेखाली वाफ धरली की मालक रुमालात गुंडाळून आणायचे. माझे उस्ताद भिंग डोळ्याला लावून म्हणायचे, नावावर जाऊ नको, रिंग बघ.

आता आजच्याकडे येऊ. १९८३ मध्ये अमेरिकेत 'एज' नावाचा डाइव्ह कॉम्प्युटर बाजारात आला आणि तिथून घड्याळाची ही नोकरी हळूहळू संपली. आज तो कॉम्प्युटर मनगटावर घड्याळासारखाच बसतो. दर काही सेकंदांनी खोली मोजतो, त्या त्या खोलीवर अंगात किती नायट्रोजन मुरला असेल याचा हिशेब करतो आणि आता अजून किती मिनिटं राहू शकता ते आकड्यात सांगतो. वर येताना घाई केली तर ओरडतो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तिथं स्वतः उलटी गणती लावतो. दुसऱ्या बुडीच्या वेळी पहिलीचा उरलेला हिशेब धरून ठेवतो.

घड्याळ आणि तक्ता घेऊन हेच करायचं म्हटलं तर काय होतं? पाडी या संस्थेच्या शिकाऊ तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं दिलेली आहेत, ३० मीटरला फक्त २०. समजा तुम्ही १८ मीटरला पाच मिनिटं गेलात आणि बाकी सगळा वेळ आठ-नऊ मीटरवर मासे बघत फिरलात. तक्ता म्हणणार, तुम्ही सगळा वेळ १८ वर होतात. त्याला मधलं काही कळत नाही, कारण घड्याळाला मधलं काही दिसत नाही.

आणि खरं सांगू? नव्या माणसाचं घोडं तिथंपर्यंत जातच नाही, ते हवेपाशी अडतं. हिशेब सोपा आहे. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबानं हवा भरली की २,४०० लिटर झाली. शेवटचे ५० बार राखून ठेवायचे असतात, म्हणजे ६०० गेले, उरले १,८००. शांत माणूस वर मिनिटाला वीसेक लिटर ओढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट म्हणून चाळीस लागतात, वीस मीटरवर तिप्पट म्हणून साठ. वीस मीटरवर १,८०० भागिले साठ, म्हणजे अर्धा तास. तोही शांत माणसाला. पहिल्यांदा उतरणारा घाबरून दीडपट ओढतो. तेव्हा त्यानं बघायचा काटा टाकीच्या दाबाचा. तो काटा टाकीसोबतच येतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

हे सगळं मी पुस्तकी सांगत नाहीये. माझा भाचा पुण्याला नोकरीला. त्यानं असंच एक घड्याळ ऑनलाइन, वापरलेलं घेतलं. ऑटोमॅटिक, २०० मीटर, जड, देखणं. आणि मला गळ घातली, मामा, तुम्ही जन्मभर वॉटरप्रूफ वॉटरप्रूफ करता, एकदा पाण्यात तर चला. पंचावन्नाव्या वर्षी मी मालवणला गेलो. पोहायला मी विहिरीत शिकलोय, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून, त्यामुळं पाण्याची भीती नव्हती. भाचा म्हणाला, आजचा मान मामाचा, घड्याळ तुम्ही घाला.

होडीत बसल्यावर पाहिलं तर घड्याळ चार मिनिटं मागं. घड्याळजीच्या मनगटावर मागं पडलेलं घड्याळ म्हणजे न्हाव्याची दाढी वाढल्यासारखं. चावी सोडवली, ओढली, वेळ जुळवली, आत दाबली. तेवढ्यात मास्क चढवा म्हणून हाक आली. चावी फिरवून आवळायची राहिली. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना एकच वाक्य ऐकवत आलो, चावी आवळा, मग हात ओला करा.

खाली सहा-सात मीटर. पाणी हिरवट, दिसणं बेताचं, पण माशांचा एक थवा असा अंगावरून गेला की मी कुठंय ते विसरलो. कानात दाब आला, नाक धरून हळूच फुंकर मारली, सुटला. मग मला कड्याची आठवण झाली. मोठ्या ऐटीत ते फिरवून मिनिटकाट्यासमोर लावलं आणि शिकवणाऱ्या पोराला मनगट दाखवलं. त्यानं बघितलंही नाही. त्यानं माझी टाकी मागून धरलेली, एक नजर माझ्या हवेच्या काट्यावर आणि एक स्वतःच्या मनगटावरच्या काळ्या रबरी डबीवर. त्या डबीवरचे आकडे मी वाचले. वर ६.४, खाली १३. किती खोल, किती मिनिटं. माझ्या हातातल्या सुंदर घड्याळाला त्यातला अर्धाच आकडा येत होता.

वर आलो तर काचेखाली धुकं.

लॉजवर आलो आणि आधी स्वतःला शिव्या घातल्या. मग कामाला लागलो, कारण खाऱ्या पाण्याला रात्रभराची मुदत द्यायची नसते. चिमटा आणि भिंग माझ्या खिशात असतंच. मागचं झाकण उघडायची पकड नव्हती, म्हणून किराणा दुकानातून मुलांचा रबरी चेंडू आणला, झाकणावर दाबून फिरवला, सुटलं. रोटरच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब लोंबत होता, आणि पट्टीच्या स्क्रूभोवती पांढरट कड धरायला सुरुवात झालेली. गॅरेजमधून गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, मशीन त्यात दोन-तीनदा बुडवून काढलं, मग मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटमध्ये. घरी आल्यावर सुटं करून पेट्रोलच्या वाटीत धुतलं, तेल दिलं. चाललं. पण तारखेच्या चाकावर गंजाचा ठिपका राहिलाच. आठ तारीख आली की आठच्या पोटात तो तपकिरी तीळ दिसतो.

तुमच्या घड्याळात कधी समुद्राचं पाणी शिरलंच, तर उन्हात वाळवू नका, तांदळाच्या डब्यात खुपसू नका. पाणी उडून जातं, मीठ आत राहतं आणि तेच खातं. सेलवालं घड्याळ असेल तर सेल काढून घ्या. जवळच्या कारागिराकडे त्याच दिवशी न्या. दोन-तीन दिवसांचा प्रवास करून माझ्याकडे आणलंत, तर मी फक्त हळहळ व्यक्त करीन.

आता पैशांचं बोलू. चांगलं खरं डायव्हर्स घड्याळ वीस-पंचवीस हजारांपासून पुढं जातं, त्याच्या वरची शिडी कुठवर जाते ते विचारूच नका. साधा, एका सेलवर चालणारा डाइव्ह कॉम्प्युटरही त्याच घरात येतो. म्हणजे प्रश्न स्वस्त-महागाचा नाहीच, त्याच पैशात काय आणायचं याचा आहे. तुम्ही एकदाच, सहलीत, शिकवणाऱ्याच्या हाताला धरून उतरणार असाल तर दोन्ही घेऊ नका. खोली आणि वेळ दोन्ही त्याच्याकडे असतात. मनगट मोकळं ठेवा आणि ते पैसे घरच्यांना सोलकढी-मासे खाऊ घालण्यात खर्च करा. घरातलं चांगलं घड्याळ तर अजिबात घालून जाऊ नका, लग्नातलं तर नाहीच.

ज्यांना हे वेड लागतं, ते कोर्स करतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबाची संस्था आहे. कुणी गोव्याला, कुणी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला, कुणी अंदमानात जातं. या लोकांना माझं सांगणं असं, की सुरुवातीच्या दहा-बारा बुड्या भाड्याचं सामान वापरा. बुकिंग करताना विचारा, प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर देता का? दोघांत एक चालत नाही, कारण दोघं एकाच खोलीवर राहत नाहीत. स्वतःची पहिली वस्तू घ्याल तर ती मास्क. तोंडाला नीट न बसलेल्या मास्कनं जितक्या बुड्या नासतात, तितक्या दुसऱ्या कशानं नासत नसतील. पट्टा न लावता मास्क तोंडाला लावा, नाकानं थोडा श्वास ओढा, हात सोडा. पडला नाही तर तुमचा. त्यानंतर, वेड टिकलं तर, कॉम्प्युटर. घड्याळ त्याच्याही नंतर.

आणि या सगळ्याच्या आधी पोहणं. आमच्या भागात दुष्काळानं विहिरी आटल्या तशी पोहणारी पिढीही आटली. तलावाचे पैसे भरून शिका, पण शिका. जाकीट घालतात, पोहता नाही आलं तरी चालतं, असं सहलवाले सांगतील. एका बुडीपुरतं ते खरंही असेल. पण ज्याला पाण्याची सवय नाही त्याच्या पोटातली भीती जाकीट काढत नाही, आणि घाबरलेला माणूस वर पळतो. खाली ते एकच करायचं नसतं. दमा, कानाचं दुखणं, हृदयाचा त्रास, यांबद्दल तिथं फॉर्म भरून घेतात. त्यावर खरं लिहा. सहल वाया जाईल म्हणून खोटं लिहिणारे मी पाहिलेत.

एक गोष्ट खास आपल्या मराठवाड्यातल्या लोकांसाठी, कारण कोकणातल्या माणसाला तिची गरज पडत नाही. आपण लोक गाडी करून जातो. रविवारी सकाळी पाण्यात, दुपारी जेवण, संध्याकाळी गाडीत, सोमवारी कामावर. मालवणहून वर यायचं म्हणजे घाट आला. आंबोली समुद्रापासून सातशे मीटरच्या आसपास उंच आहे. अंगात मुरलेला नायट्रोजन निघालेला नसताना उंचीवर गेलात, की वरचा दाब कमी होतो आणि तोच गोटी सोडा पुन्हा सुरू होतो. विमानाच्या बाबतीत हे लोकांना माहीत असतं, गाडीच्या बाबतीत डोक्यात येत नाही. एक बुडी झाली असेल तर निदान बारा तास, दोन-तीन दिवस रोज बुड्या मारल्या असतील तर अठरा तास थांबावं, असं या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या शिफारशींत आहे, आणि त्या सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. सहा मीटरवर पंधरा मिनिटं फिरून आलेल्या पर्यटकानं यात घाबरण्यासारखं फारसं नाही. पण कोर्स करणाऱ्यांनो, शेवटच्या बुडीनंतर एक रात्र खालीच काढा. चिपी किंवा गोव्याहून विमान धरणार असाल तर जास्तच. बहुतेक कॉम्प्युटरवर विमानाचं छोटं चित्र येतं आणि ते जाईपर्यंत उडायचं नाही एवढं अडाण्यालाही कळतं. घड्याळ मात्र तुम्हाला निघायची वेळ झाली असंच सांगत राहणार.

काही जाणती मंडळी इथं अडवतील. कॉम्प्युटर बंद पडला तर? सेल संपला तर? घड्याळ असलेलं बरं नव्हे का? बरं आहे, नाही कोण म्हणतो. कॉम्प्युटर बंद पडला की बुडी तिथंच संपली. सोबत्याला खूण करायची, सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. ती तीन मिनिटं मोजायला घड्याळ कामाला येतं. पण त्या तीन मिनिटांसाठी वीस हजार? सोबत्याच्या मनगटावर त्याचा कॉम्प्युटर असतोच. आणि सोबती सोडून एकटे फिरत असाल, तर तुमचं दुखणं घड्याळाच्या पलीकडचं आहे.

स्मार्टवॉचवाल्यांचंही थोडक्यात उरकतो, कारण हल्ली तेच जास्त येतात. साधं '५ एटीएम' लिहिलेलं स्मार्टवॉच घेऊन टाकी बांधून उतरू नका. पोहण्याची नोंद ठेवणं वेगळं आणि स्पीकरच्या भोकावर दोन-तीन पट दाब येणं वेगळं. ॲपलचं अल्ट्रा, गार्मिनचं डिसेंट अशी मुद्दाम बुडीसाठी बनवलेली आहेत, ती खोलीही मोजतात. पण तो मग कॉम्प्युटरच झाला, घड्याळ नव्हे.

एवढं सगळं ऐकूनही ज्याला घ्यायचंच आहे, त्यानं खुशाल घ्यावं. हौसेला मोल नसतं आणि ही वस्तू हौसेच्या लायकीची आहे. फक्त पारखून घ्या. कडं उजवीकडं फिरतंय आणि डावीकडंही, तर ते नुसतं शोभेचं. चावी स्क्रूची हवी आणि दोन-तीन आटे सहज बसायला हवेत. पहिल्याच आट्याला अडकत असेल तर आटे खाल्लेत समजा. 'फर्स्ट कॉपी' म्हणून जे मिळतं त्यावरचा दोनशेचा आकडा हा छापखान्याचा दाखला आहे. वापरलेलं घेताना आधी रिंगा बदलून दाब तपासून घ्या. आमच्याकडच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, त्यात घाम, त्यात साबण, त्यात गिझरचं गरम पाणी. घड्याळ घालून गरम पाण्यानं आंघोळ करण्यात मर्दुमकी नाही, रिंगेचं मरण आहे. सेल बदलताना जो कारागीर रिंगेला बोट न लावता झाकण बसवतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि हात जोरात हलवला की पाण्याचा दाब वाढून घड्याळ फुटतं, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. तो वाढणारा दाब किरकोळ असतो. पाणी शिरतं ते म्हाताऱ्या रिंगेतून आणि न आवळलेल्या चावीतून. दुसऱ्याचा पुरावा माझ्याच मनगटावर आहे.

हो, ते घड्याळ आता माझ्याकडेच असतं. भाच्यानं त्या प्रकारानंतर कोर्स केला, दिवाळीच्या बोनसमधून कॉम्प्युटर घेतला आणि घड्याळ मला दिलं. मी ते रोज वापरतो. पहाटे वीज आली की मोटर सुरू करायची, गुलाबाच्या एका पट्ट्याला चाळीस मिनिटं पाणी, मग दुसऱ्या. मोटर चालू केली की कडं फिरवून काट्यासमोर लावायचं. चिखलाच्या हातानं मोबाइल काढावा लागत नाही, अंधारात काटे हिरवे चमकतात, आणि कड्याला धक्का लागलाच तर पाणी दोन मिनिटं कमी पडतं, जास्त होऊन मुळं कुजत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम बायकोनं त्याच्यावर सोपवलंय ते वेगळंच.

मालवणहून येताना कुणी असं घड्याळ घेऊन येणार असेल, तर गोड्या पाण्याखाली धरून धुवून आणा, कडं फिरवत फिरवत, म्हणजे त्याच्या खालची वाळू निघते. वाळूसकट आलेल्या कड्याचे मी वेगळे पैसे घेतो.